पाठमोऱ्या खुणा

न्हाव्यानं वस्तरा उचलला आणि तसाच हवेत धरून ठेवला. "काका, मांडीवर मांजर घेऊन बसलात की काय?" मी आरशात पाहिलं. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत पांढरं कापड, त्यातून बाहेर आलेलं माझं फेसाळलेलं डोकं, आणि कापडाखाली उजव्या मांडीवर काहीतरी हलत होतं. बारीक, एका लयीत, अगदी स्वतःच्या नादात. मला खरंच क्षणभर वाटलं की आहे काहीतरी, न्हावी म्हणतो तसं, दुकानातलंच एखादं मांजर चढून बसलं असेल. मग कळलं की तो माझा हात आहे. मी त्याला मनातल्या मनात थांब म्हटलं, तो थांबला. मी आरशातल्या डोक्याकडे वळलो, तसा तो पुन्हा सुरू झाला. "थंडी वाजतेय जरा," मी म्हणालो. डोक्यावर पंखा गरगरत होता आणि न्हाव्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. "वाजते कधीकधी," तो म्हणाला. भला माणूस. त्यानं वस्तरा मुकाट्यानं बाजूला ठेवला आणि दाढीचं मशीन घेतलं. पैसे देताना मी हात खिशातच ठेवला होता, डाव्या हातानं नोट काढली आणि डाव्या हातानं सुटे घेतले. दुकानाच्या पायऱ्या उतरताना माझ्या तोंडचं पाणी पळालेलं होतं, आणि तरी मी रस्त्यात भेटलेल्या शेजाऱ्याला "काय, कसं काय?" असं नेहमीसारखं विचारलंसुद्धा.

माझा धंदा कवळ्यांचा. दातांचे डॉक्टर तोंडांची मापं पाठवतात, मी त्यांत प्लास्टर ओततो, मेणाच्या हिरड्या करतो आणि त्यांत एकेक दात रोवतो. दिव्यावर सुरी तापवायची, मेण जरासं मऊ करायचं, दात केसभर आत किंवा केसभर बाहेर. केसभर चुकलं तर माणूस आयुष्यभर शिट्टी वाजल्यासारखं बोलतो. सगळं काम हाताचं. त्यामुळे मी आधी हाताची बाजू घेतली. दुसऱ्या दिवशी कामाच्या खोलीत बसलो, खिडकीजवळच्या उजेडात, आणि त्याच्यावर पाळत ठेवली. तर पठ्ठ्या कामाला लागला की शहाण्यासारखा वागत होता. दात धरला की स्थिर, सुरी धरली की स्थिर. रिकामा बसला की मात्र याचे चाळे सुरू. अंगठा बोटांवरून फिरायचा, मेणाची गोळी वळावी तसा. आयुष्यभर मी त्याला कधी रिकामा बसू दिला नव्हता, म्हणूनच बहुतेक कळायला उशीर झाला. एखाद्या घरगड्यानं इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच उलट बोलावं आणि मालकानं बघत राहावं, तसा मी त्याच्याकडे बघत राहिलो. रागही आला आणि त्याची कीवही आली. प्लास्टरची धूळ बसलेला, नखांत मेण अडकलेला माझा हात. त्यानं माझं घर चालवलं होतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्या भाचीएवढ्या. त्यांनी मला दवाखान्याच्या बोळातून चालायला लावलं, अंगठ्यावर बोट आपटायला लावलं, आणि एका कागदावर एक ओळ लिहायला लावली. मी लिहिलं, 'आज हवा चांगली आहे.' दुसरं काही सुचलं नाही. शेवटच्या शब्दापर्यंत येता येता अक्षरं मोहरीएवढी झाली होती आणि मला ते दिसलंच नव्हतं, त्यांनी पेन टेकवून दाखवलं तेव्हा दिसलं. "कंपवात आहे," त्या म्हणाल्या. "घाबरू नका. सुरुवात आहे, गोळ्यांनी बरीच वर्षं चांगली जातात. पण एक लक्षात ठेवा. सगळं हळूहळू लहान होत जाईल. अक्षर, पाऊल, आवाजसुद्धा. तुम्हाला वाटेल की आपण नेहमीएवढंच करतोय. दुसऱ्यांना दिसेल, तुम्हाला नाही." मग त्यांनी विचारलं, घरी कोण आहे. मी म्हणालो, बायको. "पुढच्या वेळी त्यांना घेऊन या." मी मान हलवली. त्यानंतर मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा एकटाच. गोळ्या मेणाच्या डब्यात ठेवल्या, कारण त्या डब्याला घरात दुसरं कुणी हात लावत नाही.

का नाही सांगितलं? त्याचं कारण एका वाक्यात आहे आणि ते वाक्य बायकोचंच आहे. तिची आई शेवटची वर्षं आमच्याकडे होती, मागच्या खोलीत, अंथरुणाला खिळलेली. बायको बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसते. दिवसभर लोक तिला विचारतात की अमुक गाडी कुठं लागते, तमुक गाडी सुटली का, आणि ती मान वर न करता खणखणीत आवाजात सांगते. तिथून घरी यायचं आणि आईचं करायचं. कूस बदलणं, पुसणं, भरवणं, चादरी. तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही. आई गेली, सगळं आवरून झालं, पाहुणे गेले, आणि मग एका दुपारी ती मागच्या खोलीतली रबरी चादर घडी घालत होती. घडी नीट बसत नव्हती. ती एकदम खाली बसली आणि म्हणाली, "आता मला कुणाचं काही करायचं नाही. कुणाचंच नाही. तुमचंही नाही, आत्ताच सांगून ठेवते." आणि हसली. मीही हसलो, "मला काय धाड भरलीये?" असं काहीतरी म्हणालो. ती पुढं कधी ते बोलली नाही, विसरूनही गेली असेल. पण न्हाव्याच्या खुर्चीतून उतरल्यापासून ते वाक्य माझ्याबरोबर राहायला आलं होतं. जेवताना समोर असायचं. ती दमून आली आणि पाय वर घेऊन बसली की असायचं. मला आजाराची भीती वाटत होती, नाही असं नाही. पण खरी भीती होती ती ऐकताना तिचा चेहरा कसा होईल त्याची. मी मनात तो चेहरा करून बघायचो आणि मग रेडिओ लावायचो.

अशात वाटेच्या सेक्रेटरीबाईंचा फोन आला. आमची मोठी वाट. डोंगरांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी, चालायला दोन आठवडे तरी घेणारी वाट. पस्तीस वर्षांपूर्वी आम्ही काही रिकामटेकड्यांनी ती रंगाच्या खुणा करून जोडली होती. आता तिची संस्था आहे, नकाशे आहेत, मुक्कामाची घरं आहेत, बाहेरून लोक येतात. "वाटेचा पस्तिसावा वाढदिवस आहे," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. त्यांचं बोलणं फार भराभर. "मधल्या घरापाशी कार्यक्रम ठेवलाय. तिथल्या दगडावर तुम्ही आणि तुमचे भाऊजी नवी खूण काढायची. तुम्ही या बाजूनं, ते त्या बाजूनं. खुणा काढणाऱ्यांपैकी तुम्ही दोघंच उरलात ना, म्हणून." मी म्हणालो, बघतो, कामाचा फार रेटा आहे. सगळ्या लोकांसमोर, हातात ब्रश. फोन ठेवला तेव्हा हात टेबलावर आपला उद्योग करत होता. मी त्याच्यावर दुसरा हात ठेवला.

त्या दगडाजवळ मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पंचविशीतला होतो आणि मला जगण्याचा वीट आला होता. आज हे लिहायला सोपं आहे. वडील गेले, त्यांच्यामागोमाग नोकरी गेली, आणि मी अंथरुणातून उठेनासा झालो. काही दुखत नव्हतं, नुसतं उठवत नव्हतं. भिंतीकडे तोंड करून पडायचं, दुपार झाली की कूस बदलायची. आई रडायची, मित्र समजूत घालून घालून यायचे बंद झाले. ताईचा नवरा, आमचे भाऊजी, एका सकाळी आले, बुटांसकट खोलीत शिरले आणि त्यांनी पांघरूण ओढून खिडकीबाहेर टाकलं. अगदी बाहेर, रस्त्यावर. "पांघरूण आणायला खाली जायचंच आहे तर बूट घालूनच चल," ते म्हणाले. त्यांच्या गळ्यात कायम होकायंत्र असायचं आणि तरी ते कायम चुकायचे, म्हणून सगळे त्यांना कंपास म्हणायचे. मी चिडून खाली गेलो. पांघरूण उचललं. आणि का कुणास ठाऊक, वर आलोच नाही. त्यांनी मला रंगाचा डबा दिला, दक्षिणेकडच्या टोळीत टाकलं आणि स्वतः उत्तरेकडच्या टोळीचे पुढारी होऊन दुसऱ्या टोकाला गेले. दोन टोळ्यांनी दोन टोकांकडून खुणा करत यायचं आणि मध्ये भेटायचं असं ठरलं होतं.

चालायचं, दगड दिसला की पुसायचा, शेवाळ खरवडायचं, ब्रश आपटून आपटून पांढरा पट्टा काढायचा. वीतभर उंच, चार बोटं रुंद. पुन्हा चालायचं. पहिले काही दिवस मी कुणाशी बोललो नाही आणि कुणी मला बोलायला लावलं नाही, त्याबद्दल मी त्या टोळीतल्या प्रत्येकाचा अजून ऋणी आहे. एक शिक्षक होता, एक टपालखात्यातला होता, एक दूधवाला होता. ते नुसते विचारायचे, "हा दगड की तो?" मी बोट दाखवायचो. एवढ्यानंच माझं सुरू झालं. एखाद्या खोल पाण्यात पायाला तळ लागावा तसं झालं. दगड कुठला निवडायचा हे मला कळतंय, एवढं एक मला कळतंय, असं वाटायला लागलं. संध्याकाळी हातांना रंगाचा वास यायचा आणि भूक लागायची. भूक लागते म्हणजे काय हे मी विसरलो होतो. डोंगरावरच्या गवतातून वारा यायचा आणि मला एकदम, काही कारण नसताना, रडू यायचं, आणि ते रडू चांगलं असायचं. आज कामाच्या खोलीत प्लास्टर घट्ट होण्याची वाट बघत बसलो की मला तोच वास आठवतो आणि मी त्या सगळ्यांची मनात नावं घेतो.

आता आमची फजिती सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दोन्ही टोळ्या मधल्या घरापाशी भेटल्या. ते एका शेळ्यावालीचं घर होतं, एकटं, उतारावर, अंगणात मोठा दगड. काय आरडाओरडा, काय मिठ्या. तिनं सगळ्यांना जेवू घातलं. मग खालच्या कच्च्या रस्त्यानं गाडी आली आणि सगळे एकत्र घरी आलो. आमच्यातलं कुणीच दुसऱ्या टोळीच्या अर्ध्या वाटेवरून चाललं नाही. गरजच काय? आणि वाट सुरू झाल्यावर महिन्याभरात बोंब सुरू झाली. आम्ही दक्षिणेकडून येत होतो, म्हणून दगडांच्या आमच्याकडच्या बाजूला खुणा केल्या होत्या. ते उत्तरेकडून येत होते, त्यांनी त्यांच्याकडच्या बाजूला केल्या होत्या. म्हणजे दक्षिणेकडून निघालेल्या माणसाला मधल्या घरापर्यंत एकेक दगड हात करून बोलवायचा आणि तिथून पुढं सगळ्या खुणा त्याला पाठमोऱ्या. उत्तरेकडून आलेल्याचंही तेच. दोन्हीकडून लोक बरोबर मध्यापर्यंत यायचे आणि तिथं हरवायचे. दोन टोळ्यांत एवढी शिकलेली माणसं होती, पण दगडाला मागची बाजू असते हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. भाऊजी म्हणाले, तुमचं चुकलं. मी म्हणालो, तुमचं. तो वाद आजही चालू आहे, आणि भाऊजींना ऐकू येईनासं झाल्यापासून तो फार मोठ्यानं चालतो.

हरवलेले सगळे शेळ्यावालीच्या दारात जायचे. तिला आधी त्रास झाला, मग तिला गंमत वाटायला लागली. आलेल्या माणसाला ती आधी बसवायची, पाणी द्यायची, आणि मग म्हणायची, "चुकलास? ये, इथं सगळेच चुकतात." मी दुसऱ्या हंगामात एकटाच निघालो, सगळ्या दगडांच्या मागच्या बाजू रंगवायला. कुणी सांगितलं नव्हतं, मलाच जायचं होतं. त्या घरी पोचलो तर अंगणातून आवाज येत होता. एक मुलगी पाठीवरची पिशवी जमिनीवर आपटून शेळ्यावालीला सांगत होती, "ज्या कुणी शहाण्यानं या खुणा काढल्यात ना, त्याला एकदा माझ्यासमोर उभा करा." शेळ्यावालीनं माझ्याकडे, माझ्या डब्याकडे, माझ्या पांढऱ्या झालेल्या बाह्यांकडे पाहिलं आणि ती हसून हसून भिंतीला टेकली. "अहो, तुम्ही!" मुलगी म्हणाली. "तुम्हाला कळत नाही का, माणसं दोन्हीकडून येतात?" त्या रागात ती मला 'तुम्ही' म्हणाली ते आजतागायत 'तुम्ही'च राहिलं. पुढची अर्धी वाट तिनं माझा डबा धरला, कारण मी पुन्हा काहीतरी घोळ घालीन याची तिला खात्री होती. मी प्रत्येक दगडाला पाठीमागून खूण करत गेलो आणि ती माझ्या पाठीमागून सूचना करत आली. देवानं मला काय दिलं असं कुणी विचारलं तर मी सांगीन, एक चूक दिली. एवढी चांगली चूक सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

आणि त्याच बाईपासून मी उन्हाळ्यापासून गोळ्या लपवत होतो. सांगायचं म्हणून मी एकदा सुरुवात केली होती. ती भाजी निवडत होती. मी म्हणालो, "ऐक ना, मला जरा बोलायचंय." ती म्हणाली, "बोला." मान वर केली नाही, कामावर खिडकीत बसते तशीच. मी म्हणालो, "वाटेच्या कार्यक्रमाला जायलाच हवं का?" मला हे विचारायचं नव्हतं. "म्हणजे काय?" तिनं आता मान वर केली. "मी रजा टाकून बसलेय. नवे बूट घेतलेत. आणि भाऊजींना कोण सांगणार? तुम्ही सांगा, मी नाही घसा फोडणार." मी भाऊजींना फोन केला. ताई गेल्यापासून ते एकटे राहतात आणि फोन कानाला न लावता तोंडासमोर धरून बोलतात. मी म्हणालो, मला बहुतेक जमायचं नाही. "काय?" मी पुन्हा म्हणालो. "अरे मोठ्यानं बोल की! हल्ली तुझा आवाज का एवढा बारीक झालाय? बायको बोलू देत नाही का?" माझ्या मते मी ओरडलो होतो. पलीकडे ते म्हणत होते, "ये रे बाबा. चूक कुणाची ते या खेपेला सगळ्यांसमोर ठरवून टाकू." मी म्हणालो, येतो. हे त्यांना बरोबर ऐकू आलं.

आम्ही आदल्या दिवशी मुक्कामाला जाऊन सकाळी चालायला लागलो. शेवटचा टप्पा तेवढा, खिंडीतून मधल्या घरापर्यंत. ती पुढं, मी मागं. मी खिशात हात घालून चाललो होतो. हवा स्वच्छ होती, गवतावर दव होतं, आणि दगड एकेक करून समोर येत होते. काहींवरच्या खुणा माझ्या होत्या, नंतर कुणी कुणी गिरवलेल्या, पण जागा मी निवडलेल्या. त्या बघून माझा ऊर इतका भरून आला की मला थांबावं लागलं. किती माणसं यांच्या भरवशावर गेली असतील. मी कुणाला ओळखत नाही, ते मला ओळखत नाहीत. "काय झालं?" तिनं वळून विचारलं. "पाय का घासताय? नवे बूट मी घेतलेत, तुम्ही नाही." मी पाऊल उचलून टाकलं. मनात म्हणालो, आता सांगतो, त्या वळणावर. वळण आलं. मनात म्हणालो, त्या ओहोळापाशी. ओहोळ ओलांडताना तिनं मागं हात केला, मी डावा हात दिला, तिनं धरला आणि पलीकडे गेल्यावर सोडला नाही. तेव्हा तर अजिबातच बोलवेना. इतकं चांगलं चाललं होतं. मला ते आणखी थोडा वेळ हवं होतं.

मधल्या घरापाशी पन्नास-साठ माणसं जमली होती. शेळ्यावाली आता नाही, तिची सून ते मुक्कामाचं घर चालवते आणि अंगणातला दगड तोच आहे, छातीएवढा. भाऊजी खुर्चीत बसले होते, गळ्यात होकायंत्र. सेक्रेटरीबाई भराभर बोलल्या, आमचं कौतुक केलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग आम्हाला ब्रश दिले. भाऊजी दगडाच्या त्यांच्या बाजूला गेले, मी माझ्या. दगड पुसून ठेवलेला होता. मी ब्रश बुडवला आणि काय आश्चर्य, हात शांत. कामाला लागला ना. मला इतकं हायसं वाटलं की मी मनात हाताचे आभार मानले. आपटून आपटून, पूर्वीसारखा, खालपासून वरपर्यंत पट्टा ओढला, कडा नीट केल्या. "झालं," मी म्हणालो आणि मागं सरलो. भाऊजी आपलं संपवून फेरी मारून या बाजूला आले, ब्रशातून रंग गळत होता. "हे काय?" ते ओरडले. "मुंग्यांसाठी काढलीस का?" लोक हसले. मला कळेना काय हसण्यासारखं आहे. मला ती खूण नेहमीएवढीच दिसत होती. मी वीत लावून बघितली. करंगळी खाली टेकवली, आणि अंगठा खुणेच्या पुष्कळ वर, कोऱ्या दगडावर टेकला. खूण वितीच्या अर्ध्यातच संपली होती.

सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "छान, छान, गोडच आहे, आता फोटो." मला त्या हसण्यात सामील होता आलं असतं. सगळ्यांना वाटलं होतं की मी थट्टा केली. मी तसाच उभा राहिलो, हातातला ब्रश खाली, आणि काम संपल्याबरोबर हात सुरू झाला. रंगाचे थेंब माझ्या बुटांवर पडायला लागले. बायको फडकं घेऊन पुढं आली. तिनं आधी बूट पाहिले, मग ब्रश, मग हात. "बरं वाटत नाहीये का?" तिनं हळूच विचारलं. "मला कंपवात झालाय," मी म्हणालो. एवढ्या बारीक आवाजात की फक्त तिलाच ऐकू गेलं. तो चेहरा आता होईल, मला वाटलं. तो झाला नाही. तिचा खिडकीतला चेहरा झाला. "कुणी सांगितलं?" "डॉक्टरांनी." "कधी?" "उन्हाळ्यात." "गोळ्या दिल्यात?" "हो." "जेवणाआधी की नंतर?" "आधी." "वेळेवर घेता?" "घेतो." "ठेवल्यात कुठं? मला कशा दिसल्या नाहीत?" "मेणाच्या डब्यात." तिथं तिचे प्रश्न संपले. "मेणाच्या डब्यात," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले. मी म्हणालो, "तुला पुन्हा तेच सगळं करावं लागेल. तू म्हणाली होतीस की आता कुणाचं —" "मी काय म्हणाले होते ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. तिनं फडक्यानं माझा हात पुसायला घेतला, जोरजोरानं, भांडं घासावं तसा. "मला राग आलाय. आजाराचा नाही, तुमचा. तो मी घरी गेल्यावर काढीन, महिनाभर पुरेल एवढा आहे. पण हे ऐका. आईला उचलून खुर्चीत कोण बसवायचं? मी कामावर असताना तिला भरवायचं कोण? मी एकटी नव्हते हो. आईच्या वेळी आपण दोघं होतो. आत्ताही दोघंच आहोत. कमी कोण झालंय?"

"काय म्हणतोय तो?" भाऊजी कानामागं हात धरून म्हणाले. बायको त्यांच्याकडे वळली आणि सबंध स्थानकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "त्यांना कंपवात झालाय, भाऊजी!" सगळ्या अंगणानं ऐकलं. पन्नास-साठ माणसं, आणि त्यांच्यामागचा सगळा डोंगर. जे मी इतके महिने डब्यात घालून ठेवलं होतं ते समोरच्या उतारापर्यंत जाऊन पोचलं असेल. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं, त्या एवढ्याशा खुणेकडे पाहिलं. "चालता येतंय ना त्याला?" "येतंय!" बायको ओरडली. "मग एवढं ओरडतेस कशाला?" ते म्हणाले. आधी शेळ्यावालीची सून हसली, मग सगळे, आणि मग मी. इतका हसलो की मला दगडाला धरावं लागलं, आणि ओला रंग तळव्याला लागला. भाऊजींनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि हात काढलाच नाही, तिथंच ठेवला. त्यांचा हातही थरथरत होता, म्हातारपणानं.

"चला," बायको म्हणाली, "मोठी काढा." मी ब्रश बुडवला. जुन्या खुणेवरूनच सुरुवात केली. मला वाटलं, आता पुरे. "अजून," ती म्हणाली. मी खांद्यापासून हात ओढला. ही आता फारच मोठी होतेय, हास्यास्पद दिसेल, असं मला अगदी स्पष्ट वाटत होतं. "अजून. अजून वर." "वाकडी झाली," मी म्हणालो. "होऊ दे." रंग मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. कुणी घाई करत नव्हतं. सगळे उभे होते, ओळखीचे आणि अनोळखी, माझी खूण पुरी व्हायची वाट बघत, आणि मला त्या प्रत्येकाचे हात हातात घेऊन सांगावंसं वाटत होतं की तुम्ही आलात, फार बरं झालं. ती मात्र माझ्याजवळ नव्हती. आम्ही सकाळी ज्या बाजूनं आलो होतो त्या बाजूला ती उताराकडे चालत गेली होती, माणसांतून, गवतातून, थेट लांबच्या वळणापर्यंत. तिथं ती थांबली, वळली, डोळ्यांवर हात धरून तिनं दगडाकडे पाहिलं आणि दुसरा हात वर केला.

"दिसतेय!" ती ओरडली.